पुढच्या दातांना व्हिनिअर्स बसवावेत का? (फ्लोरोसिसचे डाग)

कापूसवेचणी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचक असते, आज सल्ला हवा आहे म्हणून धागा काढतेय.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात. लहानपणी आम्ही सगळे बोअरचंच पाणी प्यायलो. त्यात फ्लोराइड जास्त आहे हे कळेपर्यंत आमचे पक्के दात येऊन गेले होते. माझ्या वरच्या पुढच्या दातांवर पांढुरके पट्टे आहेत, त्यावर तपकिरी डाग, आणि मधल्या दोन दातांवर बारीक बारीक खड्डे. यालाच फ्लोरोसिस म्हणतात. गावात याचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण वर्गातल्या निम्म्या पोरांचे दात असेच. पुण्यात नोकरीला आल्यावर मात्र ऑफिसातल्या एकीने सगळ्यांदेखत विचारलं, "तंबाखू खातेस का गं?" तेव्हापासून हसताना हात आपोआप तोंडावर जातो. करोनाच्या मास्कमध्ये मला जितकं मोकळं वाटलं तितकं एरवी कधीच वाटलं नाही.

गेल्या महिन्यात एका डेंटल क्लिनिकमध्ये गेले. त्यांनी पाच मिनिटं तोंडात बघितलं आणि वरच्या ८ दातांना पोर्सेलीनचे व्हिनिअर्स, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचे पातळ पापुद्रे, सांगितले. एका दाताचे १४ हजार, म्हणजे १ लाख १२ हजार. हप्ते करून मिळतील म्हणाले. दात किती तासावे लागतील असं विचारलं तर "थोडंसंच" एवढंच उत्तर. त्या "थोडंसंच"वर माझं मन अडलंय.

माझं वय २९. दात किडलेले नाहीत, दुखत नाहीत, हिरड्यांतून रक्त येत नाही. मग चांगले दात तासून घ्यावेत का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया खरं खरं सांगा. आणि याच्या आधी करून बघण्यासारखं काही आहे का?

धुनकी

अजिबात करू नका. दात दुखत नाही ना, मग झालं. दिसण्यापायी धडधाकट दाताला मशीन लावायचं हे मला कधीच पटणार नाही.

मोरपीस

धुनकी, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझ्या मावसबहिणीचे दात अगदी असेच आहेत, ती चंद्रपूर जिल्ह्यातली. शाळेच्या एकाही फोटोत ती हसलेली नाही. "दिसण्यापायी" म्हणून बाजूला सारण्याइतकी ही गोष्ट लहान नाही. कापूसवेचणी ताई, तुम्हाला हवं असेल तर जरूर करा, फक्त कुठे आणि कसं हे नीट बघून करा.

सांजवात

मी करून घेतलेले आहेत, म्हणून लिहिते. माझं वय ५८. स्कूटरवरून पडून पुढच्या चार दातांचे कोपरे तुटले होते. आधी फिलिंगच्या मटेरिअलचे, म्हणजे कॉम्पोझिटचे केले. ते पाचेक वर्षं बरे होते, मग कडा पिवळट पडायला लागल्या. हळद, चहा, कोकमाचं सार, आपलं जेवणच रंगाचं. दोनदा पॉलिश केलं, एकदा एक कोपरा उडाला तो तासाभरात परत लावून मिळाला. त्यानंतर पोर्सेलीनचे केले, त्यालाही आता १२ वर्षं झाली. एकही निघाला नाही, रंगही तसाच आहे.

पण पथ्य आहे. ऊस सोलून खाणं बंद, सुपारी बंद, दातांनी दोरा तोडणं बंद. कणीस असेल तर दाणे काढून खाते. मला त्याचं काही वाटत नाही, कारण माझे दात मुळात तुटलेलेच होते. तुझे अख्खे आहेत, हा फरक लक्षात घे बाळा.

कडकडीत_ऊस

सांजवात काकू, "ऊस सोलून खाणं बंद" वाचून मला माझं सदस्यनाम बदलावंसं वाटतंय. :)

आमच्या कोल्हापुरात गुऱ्हाळावर जाऊन जो नुसता रस पितो त्याला पाहुणा समजतात.

बर्मिंगहॅमकर

इकडे इंग्लंडमध्ये गेली काही वर्षं "टर्की टीथ" नावाचं प्रकरण गाजतंय. स्वस्तात म्हणून लोक तुर्कस्तानात जातात, आठवड्याभरात वीसेक दात एकदम पांढरेफेक करून येतात. त्यांना सांगितलेलं असतं "व्हिनिअर्स", आणि बसवलेल्या असतात पूर्ण कॅप. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुण मुलाने कॅप बसवायच्या आधीचा स्वतःचा फोटो मला दाखवला. सगळे दात चारी बाजूंनी तासून टोकदार खुंट्या केलेल्या. वय अवघं चोवीस. आता त्यातल्या दोन दातांची नस गेली आणि रूट कॅनाल करावं लागलं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: व्हिनिअर म्हणजे फक्त दाताच्या दर्शनी बाजूवर पातळ पापुद्रा, की चारी बाजूंनी कॅप? आणि उत्तर लेखी घ्या.

गोदाकाठ

मी नाशिकला दंतवैद्य आहे, एम.डी.एस. केलंय. तोंड न बघता निदान करणार नाही, पण तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डागांबद्दल. फ्लोरोसिसचा डाग दातावर बसलेला नसतो, दातात असतो. पुढच्या पक्क्या दातांचं इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत हिरडीच्या आत तयार होत असतं. त्या काळात पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं तर इनॅमलमध्ये खनिजं नीट भरत नाहीत, ते आतून सच्छिद्र राहतं. दात उगवतो तेव्हा तो भाग पांढुरका दिसतो, आणि पुढे त्या छिद्रांत रंग मुरून तपकिरी होतो. त्यामुळे घासून, कोळसा लावून किंवा लिंबू चोळून तो जात नाही. लिंबू तर अजिबात चोळू नका, आम्लाने इनॅमल झिजतं. एक दिलासा असा की मोठेपणी नवीन डाग पडत नाहीत. आहे ते आहे, वाढणार नाही. म्हणजे तुम्हाला घाई नाही.

आता "थोडंसंच" म्हणजे किती. पोर्सेलीनचा व्हिनिअर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, ०.३ ते ०.७ धरा. तेवढी जागा करायला दाताच्या दर्शनी बाजूचं इनॅमल तासतात. गंमत अशी की दाताच्या मधल्या भागात इनॅमल मिलिमीटरच्या आसपास असतं, पण हिरडीजवळ ते अर्ध्या मिलिमीटरहून कमी उरतं. तिथे हात जरा जास्त चालला की आतला मऊ थर, म्हणजे डेंटीन, उघडा पडतो. व्हिनिअर इनॅमलला जितका घट्ट चिकटतो तितका डेंटीनला चिकटत नाही. सगळं यश त्या उरलेल्या इनॅमलवर आहे. आणि तासलेलं इनॅमल पुन्हा वाढत नाही. एकदा व्हिनिअर केला की त्या दाताला जन्मभर काही ना काही आवरण लागणार. २९ व्या वर्षी बसवला आणि पंधरा-वीस वर्षं टिकला, तरी आयुष्यात तो किमान दोनदा बदलावा लागेल, असा हिशोब करा.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण. व्हिनिअर पातळ असतो तेव्हा खालचा गडद रंग त्यातून जाणवतो. तो झाकायला मग व्हिनिअर जाड करा किंवा अपारदर्शक करा. जाड करायचा तर दात जास्त तासा, अपारदर्शक केला तर दात निर्जीव दिसतो. म्हणून डाग गडद असतील तर आधी ते फिके करून घेणं शहाणपणाचं. व्हिनिअर करायचाच असला तरीसुद्धा.

फिके कसे करायचे? आमच्याकडे पायऱ्या आहेत, कमी तासण्याकडून जास्त तासण्याकडे.

आधी मायक्रोअब्रेजन. सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक खरखरीत भुकटी यांची पेस्ट रबराच्या कपने फिरवतात. वरचा अगदी पातळ थर निघतो आणि तपकिरी डाग बरेचदा आश्चर्य वाटावं इतका कमी होतो. हे दवाखान्यातच करायचं काम आहे, दातांभोवती रबरी पडदा लावून. घरी कुणी करू नये.

मग ब्लीचिंग. तुमच्या दातांच्या मापाचे पारदर्शक ट्रे बनवून त्यात १० टक्क्यांचं कार्बामाइड पेरॉक्साइड जेल घालून रात्री लावायचं. सुरुवातीला पांढरे पट्टे जास्तच पांढरे दिसतात, लोक घाबरून फोन करतात. पुढे आजूबाजूचा दात उजळला की फरक कमी जाणवतो. दातांना काही दिवस शिवशिव होते. ब्लीचिंगनंतर काहीही चिकटवायचं असेल तर दोन आठवडे थांबावं लागतं, नाहीतर पकड कमी येते.

पांढऱ्या पट्ट्यांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन आहे. सच्छिद्र इनॅमलमध्ये पातळ रेझिन (मुरल्यावर कडक होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) मुरवतात, त्याने पट्टा आजूबाजूच्या दातात मिसळून जातो. यात मशीन लागतच नाही. खोल तपकिरी डागांवर मात्र त्याचा भरवसा कमी.

आणि खड्ड्यांसाठी कॉम्पोझिट. तुमच्या वर्णनावरून खड्डे दोनच दातांना आहेत. मग ८ दात कशासाठी, हा प्रश्न त्या क्लिनिकला नक्की विचारा. कदाचित त्यांच्याकडे कारण असेलही. पण ते त्यांनी तुम्हाला आरशात दाखवून समजावलं पाहिजे.

या सगळ्यानंतरही तुमचं समाधान झालं नाही, तर पोर्सेलीन आहेच. मी स्वतः व्हिनिअर्स करतो आणि ते उत्तम काम आहे, नीट निवडलेल्या दातावर दहा वर्षांनीही बहुतेक जागेवर असतात. फक्त ती शेवटच्या पायऱ्यांपैकी एक आहे, पहिली नाही.

धुनकी

गोदाकाठ, हे वाचून माझं मत थोडं बदललं. आम्ल फिरवणं वगैरे ऐकायला भीतिदायक आहे, पण अर्धा मिलिमीटर तासण्यापेक्षा बरंच म्हणायचं.

नागपुरी_संत्रं

मी उलट बाजू सांगतो. मला सहा व्हिनिअर्स बसवले. क्लिनिक कुठलं ते लिहीत नाही. मी झोपेत दात खातो हे माझ्या बायकोला माहीत, आईला माहीत, पण त्या क्लिनिकमध्ये मला ते कुणी विचारलंच नाही. वर्षाच्या आत दोन व्हिनिअर्सच्या कडांचे टवके उडाले. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी नुसतं माझ्या खालच्या दातांकडे बघून सांगितलं, "कडा सपाट झिजल्यात, तुम्ही रात्री दात खाता." बघायला दोन मिनिटं लागली. हे आधीच कुणी बघितलं असतं तर काम वेगळं झालं असतं. आता नाइट गार्ड, म्हणजे दातांवर चढवायचं संरक्षक आवरण, घालून झोपतो.

दुसरं म्हणजे थंडी. नागपुरात डिसेंबरात सकाळी गाडीवर निघालो की वारा दाताला लागतो. एका दाताला तर अजूनही कळ येते. डॉक्टर म्हणाले हिरडीजवळ इनॅमल उरलेलं नाही. वर गोदाकाठ यांनी लिहिलंय तेच.

गोदाकाठ

नागपुरी_संत्रं, तुमचं वाचून वाईट वाटलं. दात खाणाऱ्यांना व्हिनिअर चालतच नाही असं नाही, पण आधी ते ओळखून, चावा तपासून, नाइट गार्ड ठरवूनच करायचं असतं. सकाळी उठल्यावर जबडा आखडणं, कानशिलं दुखणं, दातांच्या कडा सपाट होणं ही लक्षणं कापूसवेचणी यांनीही तपासावीत. घरच्यांना विचारा, झोपेतला करकर आवाज त्यांनाच ऐकू येतो.

तसंच हिरड्या. त्या सुजलेल्या असताना व्हिनिअर करणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. माप घेताना रक्त आलं तर कडा नेमकी बसत नाही, आणि तिथेच पुढे कीड धरते. आधी क्लीनिंग, हिरड्या ठणठणीत, मग बाकीचं.

बिनदाढीचे_काका

थोडं अवांतर. माझी आजी सातारकडची. तिच्या पिढीतल्या बायका दातांना दातवण लावून ते काळे करत. काळेभोर, चकचकीत दात हे सवाष्णीचं लेणं समजत. पांढरे दात घेऊन हिंडणं म्हणजे काहीतरी राहून गेलं असं वाटायचं त्यांना. पुढे दातवण गेलं, मशेरी राहिली, आणि आता नात कागदासारख्या पांढऱ्या दातांसाठी लाख रुपये मोजायला निघाली. दातांचा योग्य रंग कोणता हे दर दोन पिढ्यांनी बदलतं. मग जे बदलता येत नाही ते काम फॅशनकडे बघून करू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

मशेरीवरून आठवलं. मशेरी, चहा, तंबाखूचे डाग असतील तर ते वरचे असतात, साध्या क्लीनिंगने जातात. तिथे व्हिनिअरचं नावही काढू नये कुणी.

मोरपीस

काका, दातवणाची माहिती सुंदर. पण ताईंना कागदासारखे पांढरे दात नकोच आहेत, त्यांना फक्त डाग नकोत. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नका.

सिरॅमिकची_भट्टी

मी मुंबईत डेंटल लॅबमध्ये सिरॅमिस्ट आहे. तुम्ही ज्याला व्हिनिअर म्हणता तो आमच्या हातून बनतो, आणि पेशंट आम्हाला कधीच दिसत नाही. आम्हाला येतं ते माप किंवा स्कॅन, आणि एक चिठ्ठी. बऱ्याच चिठ्ठ्यांवर फक्त "शेड बी१" एवढं, म्हणजे एका पांढऱ्या छटेचा क्रमांक, लिहिलेलं असतं. त्यावरून माणसाचा दात कसा बनवायचा?

दात एका रंगाचा नसतो. हिरडीजवळ उबदार, मध्ये उजळ, कडेला जवळजवळ पारदर्शक, निळसर झाक असलेला. चांगले डॉक्टर शेड गाइडची पट्टी दाताशेजारी धरून दिवसाच्या उजेडात फोटो पाठवतात, तासून झाल्यावर खालच्या दाताचा रंगही पाठवतात. फ्लोरोसिसच्या केसमध्ये तो खालचा रंग कळला नाही तर आम्ही आंधळेपणाने थर चढवतो. मग व्हिनिअर बसवल्यावर डाग खालून राखाडी दिसतो, आणि लॅबवर खापर फुटतं.

एक गोष्ट आवर्जून मागा: मॉक-अप. आम्ही मेणात नवीन दातांचा नमुना करतो, त्याचा साचा काढतो, डॉक्टर त्या साच्यातून तात्पुरतं मटेरिअल तुमच्या न तासलेल्या दातांवर चढवतात. मशीन लावायच्या आधी तुम्ही आरशात बघू शकता, बोलून बघू शकता. "फ", "व", "स" म्हणून बघा. कडा लांब झाली असेल तर "फ" म्हणताना खालच्या ओठावर आपटते. घरी दाखवा, मोबाइलवर व्हिडिओ काढा, नाही आवडलं तर काढून टाकायचं. दाताला काहीही झालेलं नसतं. मॉक-अप न करता थेट तासायला घेणाऱ्याकडे मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही.

कडकडीत_ऊस

वा! इतकी वर्षं दातवाल्याकडे जातोय, पण पडद्यामागे बसलेल्या माणसाचं कधी ऐकलं नव्हतं. सिरॅमिकची_भट्टी, वेगळा धागा काढाच.

ह्यूस्टनकर

हे व्हिनिअर्सचं प्रकरण सिनेमामुळे सुरू झालं ना? कुठेतरी वाचलं होतं.

अमेरिकेत एका दाताला हजार ते अडीच हजार डॉलर सहज लागतात आणि विमा देत नाही, कारण ते सौंदर्यासाठीचं काम धरतात. म्हणून भारतात येतानाच करून घेणारे बरेच आहेत. त्यांना सांगणं: दोन आठवड्यांच्या सुट्टीत बसवून विमानात बसू नका. टवका उडाला तर दुरुस्तीला कोण? इथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कुरकुरतो.

इकडे आणखी एक भयंकर प्रकार चालू आहे. परवाना नसलेले लोक स्वतःला "व्हिनिअर टेक" म्हणवून घरात, पार्लरमध्ये व्हिनिअर्स चिकटवून देतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने यावर इशारा दिला आहे.

गोदाकाठ

ह्यूस्टनकर, बरोबर. १९२८च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्याने सिनेनटांसाठी पातळ मुलामे बनवले. चित्रीकरणापुरते चिकटवायचे आणि जेवायच्या आधी काढायचे. ते दाताला कायमचे धरून ठेवायला काही साधनच नव्हतं. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोरने दाखवलं की इनॅमलवर आम्ल लावून ते सूक्ष्म खरबरीत केलं तर रेझिन घट्ट धरतं. आणि पोर्सेलीनलाही आतून तसंच खरबरीत करून चिकटवणं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. आजचे व्हिनिअर्स तेव्हापासूनचे. यातही पुन्हा इनॅमलच कामाला येतं बघा.

फ्लोरोसिसच्या दातावर हे खरबरीत करणं जरा अवघड असतं, कारण वरचा थर आम्लाला दाद देत नाही. तो थोडा काढावा लागतो किंवा आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, "फ्लोरोसिसच्या केसेस केल्यात का? आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

आपल्याकडेही पार्लरवाले दात "चमकवून" देतात. नोंदणी नसलेल्याने दातांचे उपचार करणं गुन्हा आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

किनवटची_लेक

धागा वाचून पोटात गोळा आला. मी नांदेड जिल्ह्यातली, किनवटची. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे आणि आम्ही बोअरचंच पाणी उकळून देतो. त्याला हे होईल का?

बिनदाढीचे_काका

बाई, उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली आहे म्हणून सांगतो. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचं पाणी तपासून घ्या. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षणाची प्रयोगशाळा असते, ग्रामपंचायतीकडे चाचणीचं किट असतं. जास्त निघालं तर आरओ किंवा फ्लोराइड शोषून घेणारं अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना लागतं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवायची पद्धत तर आपल्या नागपूरच्या नीरीनेच (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था) काढली, नलगोंडा पद्धत म्हणतात तिला. नुसत्या तुरटीच्या खड्याने पाणी निवळेल, पण फ्लोराइडवर त्याचा भरवसा धरू नका. उघड्या विहिरीचं पाणी बरेचदा खोल बोअरपेक्षा बरं असतं, पण तपासल्याशिवाय तेही देऊ नका.

दातांचे डाग ही त्यातली वरवरची गोष्ट आहे. वर्षानुवर्षं फार जास्त फ्लोराइड गेलं तर हाडं आणि सांधे धरतात. मी कंबरेत वाकलेली माणसं बघितली आहेत.

गोदाकाठ

काकांशी पूर्ण सहमत. किनवटची_लेक, मुलाच्या पुढच्या पक्क्या दातांचं इनॅमल याच वयात तयार होतंय, म्हणून आजच पाणी बदला. पेस्ट वापरत असाल तर तांदळाच्या दाण्याएवढीच, आणि पुसून काढा. पाण्याचा रिपोर्ट आला की तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

किनवटची_लेक

खूप खूप आभार. मिस्टर उद्याच नमुना घेऊन जातायत.

आटपाट

सगळे प्रतिसाद वाचले. एक विचारू का, ताई? राग मानू नका. लग्नासाठी चाललंय का हे? तसं असेल तर जो दात बघून नकार देतो त्याच्यासाठी दात तासायचे नाहीत.

कापूसवेचणी

आटपाट दादा, राग नाही. स्थळं येतात, आणि एका ठिकाणी दातांवरून बोलणंही झालं, ते खोटं कशाला बोलू. पण त्यासाठी नाही. मी ट्रेनिंगचं काम करते, दिवसभर तीस-चाळीस लोकांसमोर उभी असते. मला बोलताना माझ्या विषयाकडे लक्ष द्यायचंय, ओठ किती उघडले याकडे नाही. एवढंच हवंय मला.

आता बाकीचं. तुम्हा सगळ्यांचे प्रश्न कागदावर लिहून त्या क्लिनिकमध्ये परत गेले. ८ दात का, तर "हसताना ८ दिसतात, सगळे एकसारखे होतील." मॉक-अप करत नाही म्हणाले, कॉम्प्युटरवर फोटो दाखवतो म्हणाले. फोटोतले दात माझे वाटतच नव्हते. तिथे नाही म्हणून आले.

मग गावी जाताना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवलं. रांगेत वेळ गेला, पण तिथल्या मॅडमनी ओला दात, कोरडा दात असं दोन्ही करून बघितलं. हवा मारून दात कोरडा केला की पट्टे किती ठळक होतात ते मला आरशात दाखवलं. यवतमाळ म्हटल्याबरोबर त्यांनी विचारलं, "कोणता तालुका?" इतकी वर्षं माझ्या दातांबद्दल कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता, बरं वाटलं. झिजलेल्या कडा नाहीत, दात खाण्याची खूण नाही. त्यांनीही आधी मायक्रोअब्रेजन आणि ब्लीचिंग सांगितलं, नंतर मधल्या दोन दातांच्या खड्ड्यांना कॉम्पोझिट.

पहिलं मायक्रोअब्रेजन झालं. तपकिरी रंग अर्ध्याहून जास्त गेला! डावीकडच्या एका दाताचा मात्र हट्टी आहे. पांढरे पट्टे अजून आहेत, पण ते मला तितके खुपत नाहीत. पोर्सेलीनचं सध्या मनातून काढलंय. पण ब्लीचिंगनंतर तो एक दात तसाच राहिला तर त्या एकट्याला व्हिनिअर करता येईल का? की एकटा वेगळा दिसेल?

सांजवात

शाब्बास. आणि तीस-चाळीस लोकांसमोर उभी राहतेस म्हणजे धीट आहेसच.

सिरॅमिकची_भट्टी

एकटा दात जुळवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम. आठ एकसारखे बनवणं सोपं, शेजारच्या सख्ख्या दाताशी मिळणारा एक बनवणं अवघड. होतं, पण लॅबवाल्याने तुम्हाला प्रत्यक्ष बघितलं तर चांगलं होतं. त्या वेळी मुंबईत करणार असाल तर डॉक्टरांना सांगून मला बोलवा, मी येऊन शेड बघेन.

गोदाकाठ

त्या एका दाताला आधी कॉम्पोझिट करून बघा. न तासता किंवा अगदी नावापुरतं तासून होतं, रंग जागेवरच जुळवता येतो, आणि पुढे पोर्सेलीन करायचं ठरलं तर वाट बंद होत नाही. पाचेक वर्षांनी पॉलिश किंवा दुरुस्ती लागेल, त्याची तयारी ठेवा. आणि ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबायचं विसरू नका, तोवर दातांचा रंगही स्थिरावतो. कॉम्पोझिटची शेड त्यानंतरच ठरवायला सांगा.

नागपुरी_संत्रं

दंत महाविद्यालयात कोणत्या विभागात दाखवलं ते कळवाल का? माझ्या त्या कळ येणाऱ्या दातासाठी जाईन म्हणतो.

कापूसवेचणी

कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री. आधी ओपीडीत केसपेपर काढावा लागतो, तिथून ते पाठवतात. सकाळी लवकर जा दादा, आणि आधीचे एक्स-रे असतील तर बरोबर न्या.